ग्रीन बे पॅकर्सनी सुपर बोल चारच वेळा जिंकला, मग त्यांना १३ वेळचे विजेते का म्हणतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या मित्राशी अमेरिकन फुटबॉलवरून तुमची पैज लागली आहे. तो म्हणतो स्टीलर्स आणि पेट्रियट्स हे संघ सहा-सहा सुपर बोल (म्हणजे आजचा हंगामाचा अंतिम सामना) जिंकून सगळ्यांच्या पुढे. तुम्ही कुठेतरी पॅकर्सच्या नावापुढे १३ चा आकडा वाचलात आणि आता दोघंही हटायला तयार नाही. आधी नुसता हिशेब देतो. घाईत असाल तर पुढचा परिच्छेद वाचून निघालात तरी माझी हरकत नाही.

१९२९, १९३० आणि १९३१ ही तीन विजेतेपदं पॅकर्सना अंतिम सामना न खेळता मिळाली, फक्त गुणतक्त्यावर. त्यानंतरची आठ एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची मुख्य लीग) अंतिम सामन्यातली: १९३६, १९३९, १९४४, १९६१, १९६२, १९६५, १९६६, १९६७. आणि १९९६ व २०१० ही दोन सुपर बोलमधली. तीन, आठ आणि दोन, झाले तेरा. मग चार सुपर बोल कुठून आले? पहिले दोन सुपर बोल १९६६ आणि १९६७ याच हंगामांचे आहेत. त्या दोन्ही वर्षी पॅकर्सनी आधी एनएफएलचा अंतिम सामना जिंकला आणि मग वर सुपर बोलही जिंकला. वर्ष तेच, म्हणून मोजणीत एकदाच धरतात. अजून एक घोळ तारखेचा. १९६६ च्या हंगामाचा सुपर बोल खेळला गेला जानेवारी १९६७ मध्ये. इंटरनेटवर एका ठिकाणी ६६ आणि दुसऱ्या ठिकाणी ६७ दिसलं की चक्रावू नका.

आता गोष्ट. नोकरीच्या निमित्ताने मी क्लीव्हलंडला सात वर्षं काढली. क्रिकेटवर वाढलेला माणूस, त्यामुळे पहिली दोन वर्षं मला हा खेळ म्हणजे दर चार सेकंदांनी थांबणारी मारामारी वाटायची. शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ होते, तिथल्या ब्राउन्स संघाचे भक्त. मी एकदा भाबडेपणाने विचारलं, "तुमच्या टीमने किती सुपर बोल जिंकले?" ते म्हणाले, "एकही नाही. आम्ही कधी पोचलोच नाही तिथे." आणि मग आत जाऊन एक चौकट घेऊन आले. काचेमागे पिवळं पडलेलं तिकिटाचं अर्धुक, २७ डिसेंबर १९६४. ब्राउन्स २७, कोल्ट्स ०. वडिलांचा हात धरून गेले होते, वय बारा. "पहिल्या अर्ध्यात एकही गुण नाही," ते सांगत होते, "आणि मग गॅरी कॉलिन्सचे तीन टचडाउन." (टचडाउन म्हणजे बॉल घेऊन समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार पोचणं.) क्लीव्हलंडच्या खात्यात अशी चार विजेतेपदं आहेत: १९५०, १९५४, १९५५, १९६४. पण सगळी सुपर बोलच्या आधीची, म्हणून टीव्हीवर कुणी नाव घेत नाही. माझी या विषयातली गोडी त्या चौकटीपासून सुरू झाली.

मुळात एनएफएलला अंतिम सामना हवाच होता असं अजिबात नाही. सप्टेंबर १९२० मध्ये ओहायोतल्या कँटन गावात मोटारींच्या एका शोरूममध्ये संघमालक जमले. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून काही जण गाड्यांच्या पायऱ्यांवर बसले. तिथे लीग जन्माला आली (एनएफएल हे नाव १९२२ पासूनचं). पहिल्या हंगामाचा विजेता कसा ठरला? पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बैठक झाली आणि मतदान करून अ‍ॅक्रन प्रोजना करंडक दिला. हो, मतदान! तो करंडकही पुढे कुठे गेला ते आजवर कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या वर्षी लगेच भांडण. बफेलोने शिकागोच्या स्टेलीज संघाला ७-६ हरवलं, मग डिसेंबरात परत गाठ पडली तेव्हा स्टेलीज १०-७ जिंकले. बफेलोचं म्हणणं, तो तर नुसता मैत्रीचा सामना होता. लीगने स्टेलीजच्या बाजूने कौल दिला. हेच स्टेलीज पुढच्या वर्षीपासून शिकागो बेअर्स झाले. बेअर्सच्या नऊ विजेतेपदांतलं पहिलं ते हे.

पण सगळ्यात कडू प्रकरण १९२५ चं. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातलं पॉट्सव्हिल, छोटंसं गाव. त्यांच्या मरून्स संघाने डिसेंबरात शिकागो कार्डिनल्सना त्यांच्याच शहरात जाऊन २१-७ हरवलं. सगळ्यांना वाटलं, झालं, ठरलं. पुढच्याच आठवड्यात मरून्स फिलाडेल्फियात नोत्र दाम विद्यापीठाच्या नामांकित माजी खेळाडूंविरुद्ध एक प्रदर्शनी सामना खेळले आणि तोही ९-७ जिंकले. घोटाळा इथे झाला. फिलाडेल्फिया हा फ्रँकफर्ड संघाचा इलाखा, त्यांनी तक्रार केली, आणि लीगने पॉट्सव्हिलला निलंबित केलं. तिकडे कार्डिनल्सनी घाईघाईत आणखी दोन सामने उरकले. त्यातला एक मिलवॉकीविरुद्ध, ज्यांनी माणसं कमी पडली म्हणून शाळेतली चार पोरं मैदानात उतरवली. निकाल ५९-०. विजेतेपद कार्डिनल्सकडे गेलं, पण त्यांचे मालक ख्रिस ओब्रायन यांनी ते घ्यायला नकार दिला. संघ पुढे दुसऱ्या घराण्याकडे गेला आणि मग मात्र १९२५ चा दावा सुरू झाला. २००३ मध्ये पॉट्सव्हिलवाल्यांनी फेरविचार मागितला, मालकांनी ३०-२ मतांनी फेटाळला. कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये (या खेळाच्या संग्रहालयात) काळ्याशार अँथ्रासाइट कोळशातून कोरलेला एक फुटबॉल ठेवला आहे. मरून्सच्या जुन्या खेळाडूंनी दिलेला, स्वतःच स्वतःला दिलेला करंडक म्हणा हवं तर. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. बाकीच्या चकाकत्या चांदीपेक्षा तो लक्षात राहिला.

आता १९३२. हे वर्ष नीट बघा, कारण अंतिम सामना नावाची गोष्ट इथून सुरू होते आणि तुमच्या पॅकर्सचा चौदावा इथेच हुकला. तेव्हा क्रमांक विजयांच्या टक्केवारीवर ठरायचा आणि बरोबरीत सुटलेले सामने तिच्यात धरतच नसत, जणू खेळलेच नाहीत. बेअर्सनी हंगामाची सुरुवात सलग तीन ०-० बरोबऱ्यांनी केली आणि चौथा सामना २-० असा हरले, म्हणजे चार सामन्यांत स्वतःचा एकही गुण नाही! तरी शेवटी त्यांचा हिशेब सहा विजय, एक पराभव, सहा बरोबरी. ओहायोच्या पोर्ट्समथ स्पार्टन्सचे सहा विजय, एक पराभव, चार बरोबरी. बरोबऱ्या उडवल्या की दोघंही सहास एक. आणि पॅकर्स? दहा विजय, तीन पराभव, एक बरोबरी. दहा सामने जिंकूनही बाहेर. १९७२ पासून बरोबरी म्हणजे अर्धा विजय धरतात. तो नियम तेव्हा असता तर पॅकर्स सलग चौथ्यांदा पहिले आले असते. गणित स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

तर बरोबरी फोडायला बेअर्स आणि स्पार्टन्सचा एक जादा सामना ठरला, १८ डिसेंबरला शिकागोत. पण थंडी आणि बर्फ इतकं की सामना शिकागो स्टेडियमच्या छपराखाली न्यावा लागला. तिथे नुकतीच सर्कस येऊन गेली होती. माती तिचीच, वासही तिचाच. मैदान १०० यार्डांऐवजी ६० यार्डांचं, कडेला लगेच भिंत, गोलपोस्ट एकाच बाजूला, फील्ड गोल (लाथेने बॉल गोलपोस्टमधून मारून मिळणारे गुण) बंद. स्पार्टन्सचा सगळ्यात मोठा खेळाडू डच क्लार्क आलाच नाही, कारण कोलोरॅडोतल्या कॉलेजात बास्केटबॉल शिकवायची त्याची नोकरी सुरू झाली होती. आपल्याकडे गावच्या सामन्यालाही लोक रजा टाकतात, असो. चौथ्या क्वार्टरपर्यंत ०-०. मग ब्रॉन्को नागुर्स्की बॉल घेऊन घुसतोय असं भासवून थांबला, मागे सरला आणि रेड ग्रेंजकडे फेकला. टचडाउन. स्पार्टन्सनी आरडाओरडा केला, कारण नियमाप्रमाणे फेकणारा, डाव जिथून सुरू होतो त्या रेषेच्या पाच यार्ड मागे हवा होता आणि त्यांच्या मते तो नव्हता. पंचांनी ऐकलं नाही. बेअर्स ९-०. हा सामना गुणतक्त्यात धरला गेला, त्यामुळे स्पार्टन्स पहिल्यावरून थेट तिसऱ्या क्रमांकावर घसरले आणि पॅकर्स दुसरे. दोन वर्षांत स्पार्टन्स गाव सोडून डेट्रॉइटला गेले, आजचे लायन्स ते.

या बेंगरूळ सामन्याला गर्दी मात्र झाली, ११,००० च्या वर. मालकांच्या डोक्यात उजेड पडला. १९३३ मध्ये लीगचे दोन विभाग केले आणि दोन्ही विभागांच्या विजेत्यांनी वर्षाअखेर एकमेकांशी खेळायचं ठरलं. रेषेच्या मागून कुठूनही बॉल फेकायची मुभाही त्याच वर्षी आली, म्हणजे नागुर्स्कीच्या त्या वादग्रस्त फेकीला उशिरा का होईना परवाना मिळाला.

१९३४ चा अंतिम सामना न्यूयॉर्कला, जमीन गोठून काच झालेली. बेअर्स तोवर एकही सामना हरले नव्हते. जायंट्सचे खेळाडू घसरून पडत होते, म्हणून एब कोहेन नावाच्या त्यांच्या मदतनिसाला मॅनहॅटन कॉलेजात पिटाळलं (रविवार होता, दुकानं बंद). तो बास्केटबॉलचे रबरी तळव्यांचे बूट गोळा करून आला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये १३-३ ने मागे असलेल्या जायंट्सनी चौथ्यात २७ गुण काढले. ३०-१३. १९४० मध्ये उलटं टोक: वॉशिंग्टनच्या मालकाने बेअर्सना रडके म्हटलं आणि बेअर्सनी त्यांना त्यांच्याच मैदानात ७३-० असं धुतलं. प्रेक्षकांत गेलेले बॉल परत येईनात, शेवटी पंचांनी सांगितलं की आता जादा गुणासाठी लाथ मारू नका, बॉल संपत आले.

१९५८ ची कोल्ट्स-जायंट्स लढत तुम्हाला यूट्यूबवर सापडेल, बघाच. सात सेकंद उरलेले असताना कोल्ट्सनी फील्ड गोल मारून १७-१७ केलं. जादा वेळेचा नियम कागदावर होता, पण अंतिम सामन्यात तो कधी लागलाच नव्हता, कित्येक खेळाडूंना वाटलं संपलं, बरोबरी. मग जॉनी युनायटसने संघ पुढे नेला आणि अ‍ॅलन अमीची एक यार्डावरून घुसला, २३-१७. टीव्हीवर अमेरिकेने हा खेळ खऱ्या अर्थाने त्या दिवशी पाहिला.

टीव्हीचा पैसा दिसल्यावर नवे भिडू येणारच. टेक्ससचा लमार हंट, एनएफएलने संघ दिला नाही म्हणून त्याने १९५९ मध्ये एएफएल ही वेगळी लीगच उभी केली. खेळाडू पळवापळवी, पगारांची चढाओढ, शेवटी १९६६ मध्ये समेट: १९७० पासून एकत्र येऊ, तोवर दोन्ही लीगच्या विजेत्यांचा एक सामना. तो हा सुपर बोल. नावही हंटचंच, त्याच्या मुलांच्या सुपर बॉल नावाच्या उसळत्या चेंडूवरून सुचलेलं, आणि अधिकृतपणे ते लागलं तिसऱ्या वर्षी. पहिला सामना, १५ जानेवारी १९६७, लॉस एंजेलिस: पॅकर्स ३५, चीफ्स १०. जवळपास एक तृतीयांश स्टेडियम रिकामं. दोन लीगचे बॉल वेगळे, म्हणून ज्याचा डाव त्याचा बॉल. दोन वाहिन्या एकाच वेळी दाखवत होत्या, त्यातल्या एकीची जाहिरात लांबली म्हणून दुसऱ्या अर्ध्याची पहिली किक पुन्हा मारायला लावली.

आणि इथेच तुमच्या पैजेतला सगळ्यात नाजूक मुद्दा आहे. १९६६ ते १९६९ या चार हंगामांत एनएफएलचा विजेता आणि सुपर बोलचा विजेता हे दोन वेगळे किताब होते. १९६८ मध्ये कोल्ट्सनी ब्राउन्सना ३४-० हरवून एनएफएल जिंकली आणि मग जो नेमथच्या जेट्सकडून सुपर बोल १६-७ हरले. १९६९ मध्ये व्हायकिंग्जनी ब्राउन्सना २७-७ हरवलं आणि चीफ्सकडून हरले. दोघंही रेकॉर्डबुकात त्या त्या वर्षीचे एनएफएल विजेते आहेतच. व्हायकिंग्जनी तर सुपर बोल आजतागायत जिंकलेला नाही. (दोन्ही वेळा आधी कोण हरलं ते बघा. माझ्या शेजाऱ्यांसमोर हा विषय काढायची सोय नव्हती.)

तेव्हा मित्राला आधी एकच विचारा, पैज लावताना शब्द कोणता वापरला होता. "सुपर बोल" म्हटलं असेल तर स्टीलर्स-पेट्रियट्स, सहा-सहा, चहा तुमच्याकडून. "विजेतेपद" म्हटलं असेल तर पॅकर्स १३, त्यांच्या मागे बेअर्स ९, आणि चहाबरोबर वडापावही मागून घ्या.