मेटल ऐकणारी माणसं घराबाहेर पडतात का?

तुम्ही विचारलंय की धाकटा भाऊ साताऱ्याहून कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आलाय, कॉलेज सुटलं की खोलीचं दार लावून हेडफोनवर हेवी मेटल, म्हणजे दणदणीत गिटार-ड्रमचं रॉक संगीत, ऐकत बसतो. हे संगीत ऐकणारे सगळे असेच कोंडून घेतात का, की कुणी मोकळ्यावरही जातं? आणि जाणारे सध्या काय ऐकतात?

आम्ही जातो. मी तर दर रविवारी जातो, आणि मेटल नीट ऐकता यावं म्हणून जातो. वाचायला विचित्र वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं वय ४१. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला सुपरवायझर आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात किती भट्ट्या पेटलेल्या असतात हे बाहेरगावच्या लोकांना फारसं ठाऊक नसतं. आमचं काम म्हणजे वाळूचे साचे, त्यात ओतलेलं बीड म्हणजे ओतीव लोखंड, थंड झालं की साचा फोडून कास्टिंग बाहेर काढायचं, मग फेटलिंगला ग्राइंडर लावून त्याच्या कडा साफ करायच्या. आवाज कल्पनेपलीकडचा. मी पहिल्यांदा जिथं लागलो त्या कारखान्यात कानात घालायला काहीच देत नसत, आणि आम्हीही मागत नव्हतो, कारण कान झाकणारा माणूस नाजूक समजला जायचा. सहा वर्षांनी तपासणी झाली तेव्हा डाव्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खाच पडलेली दिसली. आवाजानं खराब झालेल्या कानाची हीच खूण असते असं डॉक्टरांनी सांगितलं. तो भाग परत येत नाही.

मेटल मी २००१ पासून ऐकतोय. आलेख हातात घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो तेव्हा पहिली भीती हीच वाटली की आता हे संगीत सुटणार. सुटलं नाही, पण ऐकण्याची रीत बदलली. शिफ्टवरनं येऊन लगेच गाणं लावलं तर मला नुसता कालवा ऐकू येतो. गिटार, बेस, ड्रम सगळं एकात एक. तेच रविवारी सकाळी तीन तास उघड्यावर काढून, घरी येऊन, अंघोळ करून कमी आवाजात लावलं तर बेसची प्रत्येक तार वेगळी कळते. कान आधी रिकामा व्हावा लागतो, आणि तो चार भिंतींत रिकामा होत नाही, निदान माझा तरी. एवढं मला या वीस-पंचवीस वर्षांत पक्कं कळलंय.

तर रविवारचं सांगतो. पहाटे साडेपाचला शिवाजी पुलावर आम्ही चार-पाच जण सायकली घेऊन जमतो. वडणगे फाटा, केर्ली, केर्ले करत वाघबीळ, आणि तिथून पन्हाळ्याची चढण. शहरापासून साधारण २० किलोमीटर. गड आजूबाजूच्या सपाटीपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे आणि त्यातली बरीचशी उंची शेवटच्या टप्प्यात अंगावर येते. केर्ल्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. गळिताच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, त्यामुळे रस्त्यावर कानात काही घालायचं नाही हा आमच्यात कडक नियम आहे. एका पोरानं एकदा मोडला, तेव्हा त्याला केर्लीतनं परत पाठवलं. मागून येणारी ट्रॉली ऐकू आलीच पाहिजे.

पण डोक्यात गाणं चालूच असतं. सपाटीवर आयर्न मेडन हा बँड. त्यांच्या स्टीव्ह हॅरिसच्या बेसची घोडदौड प्रसिद्ध आहे, एक लांब ठोका आणि त्याला चिकटून दोन आखूड, धाड्-धडधड, धाड्-धडधड, आणि हे तो पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, न वापरता नुसत्या बोटांनी वाजवतो. सायकलचं पायडल त्या चालीवर आपोआप पडतं. चढ लागला की ही चाल निकामी होते. मी पहिली दोन वर्षं चढावर तीच धरायचो आणि बुधवार पेठेच्या अलीकडेच दम तुटायचा. मग ब्लॅक सबाथ या बँडच्या संथ रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, आलो. एक ठोका, एक पायडल, पुढच्या ठोक्यापर्यंत घाई नाही. तेव्हापासून न उतरता वर पोचतो.

वर गेल्यावर झुणका-भाकर सांगायची आणि भाकरी भाजून येईस्तोवर एकच विषय, "काय चाललंय सध्या?" आमच्यात या प्रश्नाचा अर्थ घरचं-दारचं कसं चाललंय असा होत नाही, ऐकण्यात काय आहे असा होतो. प्रत्येकानं एकच अल्बम सांगायचा आणि का ते सांगायचं. तुम्ही सध्याचं विचारलंय म्हणून गेल्या काही महिन्यांतलं लिहितो.

मी स्वतः ओपेथ या स्वीडिश बँडच्या २०२४ च्या अल्बमवर अडकलोय. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, घरातला कर्ता म्हातारा गेलाय आणि त्याच्या मृत्युपत्राचं वाचन चालू आहे, अशी कथा अख्ख्या अल्बमभर चालते. गाण्यांना नावंसुद्धा नाहीत, मृत्युपत्रातल्या कलमांसारखे नुसते आकडे आहेत, नाव आहे ते फक्त शेवटच्या गाण्याला. बँडचा गायक मिकाएल ओकरफेल्टनं २००८ नंतर पहिल्यांदा यात खर्जातला गुरगुरणारा आवाज लावलाय, आणि तो मेलेल्या बापाच्या तोंडी आल्यासारखा वाटतो. वाटणीच्या कागदावरून भाऊ-भाऊ बोलेनासे झालेले आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यामुळे स्वीडनमधल्या माणसानं लिहिलेली ही कथा मला अजिबात परकी वाटली नाही. साधारण ५० मिनिटं आहेत, एका बैठकीत ऐकावीत.

आमच्यातले एक शाळामास्तर आहेत. त्यांची ओळख बेंगळुरूत झाली. ३० ऑक्टोबर २०११ ला मेटालिका ही बँड पॅलेस ग्राउंड्सवर वाजवायला आली होती, मी तावडे हॉटेलपासून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून गेलो. परतीच्या बसमध्ये शेजारी काळा टी-शर्ट घातलेला माणूस, गळ्यात दुर्बीण. विचारलं तर राहायला रंकाळ्याच्या मागं, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर! सकाळी कार्यक्रमाआधी कुठल्याशा तळ्यावर पक्षी बघून आले होते. ते आजही कळंब्याला पहाटे जाऊन बसतात, खंड्यानं किती बुड्या मारल्या आणि किती वेळा रिकामा आला याची वही ठेवतात. त्यांच्या ऐकण्यात सध्या मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या बँडचा २०१७ चा दशावतारांवरचा अल्बम आहे, एकेका अवतारावर एकेक गाणं. आठवीच्या पोरांना मत्स्य, कूर्म, वराह सांगताना आपल्याला आतून तेच ऐकू येतं असं ते म्हणाले. सर्वांत धाकटा आहे त्याला ब्लडीवूड लागतं, दिल्लीचा बँड, ढोल घेऊन २०१९ ला जर्मनीत वाकेनच्या मेटल महोत्सवात वाजवून आला. मला ते फार काळ ऐकवत नाही. पण ढोल सुरू झाला की टपरीवाल्या मावशींची मानसुद्धा हलते, हेही खरं.

सायकलीशिवाय मी मोकळ्यावर जातो ते गळानं मासे धरायला. पाऊस सरल्यावर, नदीचं गढूळ पाणी निवळलं की, मी आणि फेटलिंगमधला एक मित्र प्रयाग चिखलीच्या बाजूला पंचगंगेच्या काठी गळ टाकून बसतो. जूनच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, त्या चढणीच्या माशांना आम्ही हात लावत नाही. बाकीच्या दिवसांत चिलापी मिळते, नशीब असेल तर मरळ.

या मित्राच्या उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापर्यंतच आहे. आधीच्या नोकरीत प्रेसखाली गेली. तो गळाला तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा, कसा बांधतो ते बघण्यासारखं आहे. गळ डाव्या हातात धरतो, तंगुसाचं टोक नेढ्यातून ओवतो, मग उजव्या अंगठ्यानं आणि मधल्या बोटानं तंगुसाभोवतीच पाच-सहा वेढे देतो. उरलेलं आखूड बोट तो वेढ्यांवर नुसतं टेकवून ठेवतो, म्हणजे ते सरकत नाहीत. टोक दातात धरतो, गाठीला थुंकी लावतो आणि सावकाश ओढतो. कोरडी ओढली तर तंगूस घासून कमजोर होतो. इतकी वर्षं बघतोय, त्याची गाठ सुटलेली मला आठवत नाही.

तो मेटल ऐकणारा नव्हता, भजनातला माणूस. एकदा काठावर बसल्या बसल्या मी त्याला टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. इंग्लंडातलं बर्मिंगहॅम हे आपल्यासारखंच कारखान्यांचं गाव. ब्लॅक सबाथचा हा गिटारवाला तिथं पत्र्याच्या कारखान्यात होता. वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी मशिननं उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, तारा हलक्या घेतल्या. पुढं सूर उतरवून तारा आणखी सैल केल्या. मेटलचा तो जड, खोल आवाज घडला त्यात या सैल तारांचा मोठा वाटा आहे.

मित्र गप्पच होता. मग विचारलं, "कुठली दोन?" मी म्हटलं, मधलं आणि करंगळीशेजारचं. त्यानं स्वतःचा हात उचलून त्या दोन बोटांकडे बघितलं, ती घडी करून मिटली, उरलेली हवेत हलवून बघितली. "लाव बघू," म्हणाला. तेव्हापासून त्याच्या मोबाइलमध्ये सबाथचे पहिले तीन अल्बम आहेत. भजनही चालू आहे.

५ जुलै २०२५ ला सबाथचा गायक ऑझी ऑस्बर्न बर्मिंगहॅमला शेवटचा गायला, खुर्चीवर बसून, आणि २२ जुलैला गेला. ७६ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर आम्ही दोघं एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर थांबलो. पाऊस मुसळधार, वर पत्रा. एक इअरफोन माझ्या उजव्या कानात, एक त्याच्या, आणि सबाथचा १९७० चा पहिला अल्बम लावला. तो सुरूच होतो पावसाच्या आवाजानं, मग ढग गडगडतात, लांबून चर्चची घंटा. पत्र्यावरचा पाऊस कुठला आणि इंग्लंडातला कुठला, वेगळं काढता येईना. पहिली तार वाजली तेव्हा कळलं की गाणं सुरू झालंय. ते सहा-सव्वासहा मिनिटांचं गाणं संपेपर्यंत दोघांचे चहा तसेच होते. आम्ही बोललो नाही. टपरीवाल्यानं न विचारता चहा परत गरम करून दिला.

हे सगळं तुमच्या भावाशी कसं जुळतं? तो खोलीत बसून ऐकतो यात मला काळजीचं काही दिसत नाही. नव्या गावात, नव्या कॉलेजात मीही तेच केलं असतं. जेवण, झोप, मित्र, अभ्यास ठीक असेल तर त्याला त्याचं ऐकू द्या. तो बोलणंच टाळत असेल, तर मात्र त्याचं कारण गाण्यात शोधू नका, त्यालाच विचारा. काळजी करायचीच तर कानाची करा. ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं धरलं जातं, आणि पुढं दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. हेडफोन पूर्ण वाढवला तर तिथंवर सहज जातो. ताईच्या नात्यानं एवढं एक त्याला दटावून सांगा. माझं त्या वयात कुणी ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

आणि त्याला सांगा, रविवारी साडेपाचला शिवाजी पुलाच्या शहराकडच्या टोकाला काळे टी-शर्ट दिसतील. जुलैत पन्हाळ्यावरून पावनखिंडीची दोन दिवसांची वाट आम्ही चालतो, १६६० साली बाजीप्रभू गेले तीच. मसाईच्या पठारावर धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही, तेव्हा मास्तर पुढून गुणगुणतात आणि आम्ही आवाजामागं जातो. त्यातही यायला हरकत नाही. वर आल्यावर मात्र त्याला एक अल्बम सांगावा लागेल, आणि का ते सांगावं लागेल. सायकल नसली तर दिवाळीनंतर नदीवर या म्हणावं. माझ्याकडे गळ दोन आहेत, तंगूस मित्र बांधून देईल.