मोबाईलवरून कागदपत्रं जोडून मेल पाठवला, पण समोरच्यांना मिळत नाही किंवा उघडत नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की पहिल्याच नोकरीसाठी आठ कागदपत्रांचे फोटो काढले आणि जीमेल ॲपमधून तीनदा मेल केला. पहिला पोचलाच नाही. दुसरा पोचला, पण ‘फाइल उघडत नाहीत’ म्हणून एचआरचा फोन आला. तिसऱ्याला इंग्रजीत काहीतरी उलटं उत्तर आलं, ते तुम्ही जाहिरात समजून पुसून टाकलं. सोमवारी मुदत संपते म्हणून जीव टांगणीला लागलाय. काळजी करू नका. तीन वेळा तीन वेगळ्या गोष्टी झालेल्या दिसतात, आणि त्या निस्तरायला तासभर पुरेल.

मी सांगलीत एका करसल्लागारांच्या ऑफिसात बारा वर्षं काम करते. जुलैत रिटर्नची मुदत जवळ आली की दिवसाला साठ-सत्तर मेल येतात आणि त्यातले बहुतेक मोबाईलवरूनच आलेले असतात. फॉर्म १६, बँकेचं स्टेटमेंट, गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला, विम्याच्या पावत्या. तुम्ही पाठवणाऱ्या बाजूला आहात, मी दिवसभर उघडणाऱ्या बाजूला बसते. तिथून जे दिसतं ते सांगते.

आधी पहिला मेल. ॲपमध्ये डावीकडे वर तीन आडव्या रेघा आहेत, तिथे बोट ठेवा आणि ‘आउटबॉक्स’ उघडा. माझा अंदाज, तुमचा मेल अजून तिथेच बसलाय. ‘सेंड’ दाबलं की आपल्याला वाटतं गेला, पण तेव्हा तो फक्त रांगेत लागतो. आठ फोटो वर चढायला वेळ लागतो. तेवढ्यात आपण स्क्रीन बंद करून फोन खिशात टाकतो, बॅटरी सेव्हर चालू असतो, रेंज एका दांडीवर आलेली असते, आणि मेल रांगेतच राहतो. मेल मोठा असेल तर वायफायला जोडा, ॲप उघडं ठेवा आणि तो ‘सेंट’मध्ये दिसेपर्यंत हातातून फोन सोडू नका. तरीही हलला नाही, तर ॲपच्या सेटिंगमध्ये आपल्या खात्याचं सिंक, म्हणजे मेलची आपोआप देवाणघेवाण, चालू आहे ना ते बघा. आणखी एक कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. गूगलची १५ जीबी फुकट जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. लग्नाच्या व्हिडिओंनी ती भरली, की मेल जाणंही बंद होतं आणि येणंही.

आता दुसरा मेल, पोचला पण उघडला नाही तो. यात तीन शक्यता आहेत.

पहिली ड्राइव्हच्या लिंकची. जीमेलमध्ये जोडलेल्या फाइलींची मर्यादा २५ एमबी आहे. हल्लीच्या फोनचा एक फोटो चार-पाच एमबीचा, म्हणजे आठ फोटो झाले बत्तीस ते चाळीस एमबी. मग फाइलींऐवजी ड्राइव्हची लिंक जाते. लिंक जाणं चुकीचं नाही, पण ती बघायची परवानगी दिलेली नसेल तर समोरच्याला कुलूप दिसतं. त्यानं परवानगी मागितली तर मागणीचा मेल तुम्हाला येतो, आणि तुम्ही तो बघितला नाही की काम तिथेच थांबतं. मी स्वतः आठवड्यातून दोन-तीनदा तरी अशा कुलपापुढे बसलेली असते.

दुसरी शक्यता आयफोनची. २०१७ साली आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवतो. जागा कमी लागते, फोटो छान दिसतो, पण ऑफिसातल्या जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर तो बऱ्याचदा उघडत नाही. सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलंत की पुढचे फोटो साधे जेपीजी निघतात.

तिसरी शक्यता पासवर्डची, आणि ही मला सगळ्यात जास्त भेटते. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून उतरवलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि त्याला लागून जन्माचं साल. नाव सुनीता आणि जन्म १९९८ चा असेल तर एस, यू, एन, आय आणि १९९८. आपण आपल्या फोनवर एकदा तो टाकून फाइल उघडलेली असते, म्हणून पाठवताना आठवतच नाही. बँकेच्या स्टेटमेंटचंही तसंच. पासवर्ड असलेली फाइल खुशाल पाठवा, उलट ते बरंच आहे, पण पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका. फोन करून सांगा.

तिसऱ्या मेलला जे उत्तर आलं ते जाहिरात नव्हतं. ‘मेल डिलिव्हरी सबसिस्टिम’ किंवा ‘मेलर डीमन’ असं पाठवणाऱ्याचं नाव होतं का? तसं असेल तर मेल परत आल्याची ती चिठ्ठी होती, आणि न पोचण्याचं कारण तिच्यातच लिहिलेलं असतं. ‘ॲड्रेस नॉट फाउंड’ किंवा ५५० हा आकडा असेल तर बहुधा पत्ता चुकलाय. ५५२ असेल, किंवा ‘साइझ’ हा शब्द असेल, तर मेल समोरच्या पेटीला जड झालाय. ‘ट्रॅश’मध्ये जाऊन बघा, ती चिठ्ठी ३० दिवस तिथे राहते.

‘पण माझी फाइल नऊ एमबीची होती आणि कंपनीची मर्यादा दहाची आहे, मग परत का आली?’ असं आमचे क्लायंटही विचारतात. त्याचं उत्तर मला फार आवडतं. ईमेल जन्माला आला तो फक्त साध्या इंग्रजी अक्षरांसाठी. फोटो किंवा आवाज त्यातून थेट जात नव्हता. नॅथॅनिएल बोरेन्स्टीन आणि नेड फ्रीड या दोघांनी माइम नावाची पद्धत बसवली, आणि ११ मार्च १९९२ ला बोरेन्स्टीननी त्या पद्धतीनं जोडलेला पहिला मेल पाठवला. त्यात त्यांच्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि गाण्याचा आवाज होता. ही पद्धत आजही तशीच चालते: फाइलीचे दर तीन बाइट, म्हणजे तीन बारीक तुकडे, घेऊन त्यांची चार साधी अक्षरं करायची, पलीकडे पोचल्यावर ती पुन्हा उलगडायची. तीनाचे चार म्हणजे वाटेत फाइल एक-तृतीयांशानं फुगते. तुमचे नऊ एमबी प्रवासात बारा होतात, आणि दहाच्या दारातून बारा जात नाहीत. ऑफिसांच्या मेलची मर्यादा जीमेलपेक्षा बऱ्याचदा कमी असते, म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, मेल पाच एमबीच्या आत ठेवा.

आणि ते सहज जमतं, जर फोटो पाठवायचे सोडून दिले तर.

आमचे एक क्लायंट आहेत, निवृत्त मुख्याध्यापक, वय चौऱ्याहत्तर. मागच्या जुलैत त्यांनी पासबुकाच्या अकरा पानांचे अकरा मेल केले, एकेका मेलला एक फोटो, विषयाची ओळ कोरी. सातव्या फोटोत ट्यूबलाइटची पांढरी पट्टी नेमकी व्याजाच्या आकड्यावर आली होती आणि खालच्या कोपऱ्यात अंगठा. फोन केला तर म्हणाले, “अगं पोरी, पाच हजार दोनशे काहीतरी असेल, घाल की.” म्हटलं, “गुरुजी, असं घालता येत नाही. ज्येष्ठ म्हणून तुम्हाला त्याच व्याजावर वजावट मिळते, आकडा बरोबरच पाहिजे. पासबुक घेऊन या, आपण इथेच करू.”

आले. त्यांना खिडकीपाशी बसवलं, वरची ट्यूब बंद केली. त्यांच्याच फोनमध्ये गूगल ड्राइव्ह होतं, ते उघडून अधिकच्या चिन्हावर बोट ठेवलं आणि ‘स्कॅन’ घेतलं. पासबुक टेबलावर सपाट, फोन बरोबर वर, सावली पडणार नाही असा. फोननं आपणहून पानाच्या कडा धरल्या, टेबल कापून टाकलं, कागद पांढरा झाला आणि शाई काळी. पुढचं पान, पुन्हा अधिकचं चिन्ह. अकरा पानं झाली तेव्हा एकच पीडीएफ तयार होती, तीन एमबीच्या आसपास. गुरुजींनी चष्मा वर करून सातव्या पानावर दोन बोटांनी आकडा मोठा केला आणि म्हणाले, “चार हजार नऊशे अठरा. बघ, मी किती चुकलो असतो.” यंदा त्यांचा मेल आला तो एकच, एका फाइलीचा, आणि तो मी सगळ्यांच्या आधी हातात घेतला.

तुम्हीही तसंच करा. अँड्रॉइडवर ड्राइव्हमधलं स्कॅन, आयफोनवर नोट्स ॲपमधलं ‘स्कॅन डॉक्युमेंट्स’. दोन्ही फोनमध्येच असतात, वेगळं काही उतरवावं लागत नाही. एकेकाळी आमच्याकडचे सगळे कॅमस्कॅनर वापरायचे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यात तेही होतं, आणि तेव्हापासून लोक कुठलंही अनोळखी स्कॅनर उतरवून घेतात. ते नको. ‘पीडीएफ लहान करून मिळेल’ म्हणणाऱ्या अनोळखी साइटवरही आपलं आधार आणि पॅन चढवू नका. फाइल मोठी झाली तर काळा-पांढरा पर्याय निवडून पुन्हा स्कॅन करा, आकार लगेच उतरतो.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तिथून उचलून मेलला जोडत असाल तर तेही थांबवा. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, मार्कलिस्टवरची बारीक अक्षरं फुटतात. भावाकडून किंवा गावाकडून कागद मागवायचा असेल तर त्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मग फाइल जशीच्या तशी येते.

आता नाव. माझ्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ‘स्कॅन’, ‘स्कॅन १’, ‘न्यू डॉक’ या नावाच्या शेकडो फाइली आहेत. तुमच्या एचआरकडेही तशाच असणार. फाइलीला आधी तुमचं नाव आणि मग कागदाचं नाव द्या, म्हणजे ‘तुमचं नाव, आडनाव, मार्कलिस्ट’. रोमन अक्षरांत दिलंत तर बरं, कारण काही जुन्या सिस्टिमवर देवनागरी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. मराठीचा मला अभिमान आहे, पण इथे फाइल सापडणं महत्त्वाचं. विषयाच्या ओळीत नाव, पद आणि ‘कागदपत्रे’ एवढं पुरे. मजकुरात दोन ओळी लिहा: काय जोडलंय, किती फाइली आहेत. आठ म्हणून लिहिलं आणि सात पोचल्या तर समोरच्याला लगेच कळतं.

पत्ता सगळ्यात शेवटी घाला. हे मी अनुभवानं शिकले. पाच वर्षांपूर्वी घाईत एका क्लायंटचं स्टेटमेंट त्याच आडनावाच्या दुसऱ्या क्लायंटला गेलं. पहिली दोन अक्षरं टाकली, ॲपनं नाव पुढे केलं, मी बघितलं नाही. पाठवल्यावर खाली काही सेकंद ‘अनडू’ दिसतं, तेवढ्यात दाबलं तर मेल परत घेता येतो. मला कळलं तेव्हा दहा मिनिटं उलटली होती. दोघांनाही फोन केला, झालं ते सांगितलं, माफी मागितली. त्या रात्री झोप लागली नाही, माणसाचा सगळा पैसा त्या कागदावर होता. तेव्हापासून आधी क्लिपच्या चिन्हावरून फाइल जोडते, मग ती तिथेच उघडून बघते, मग मजकूर लिहिते आणि पत्ता शेवटी. पत्ता नसलेला मेल चुकून जाऊच शकत नाही.

आधारबद्दल एक. कंपनीनं पूर्ण क्रमांक मागितला नसेल तर मास्क्ड आधार पाठवा. यूआयडीएआयच्या साइटवरच उतरवताना तो पर्याय मिळतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

एवढं आज रात्री करून ठेवा. खिडकीपाशी दिवसाचा उजेड हवा असेल तर स्कॅन उद्या सकाळी करा. मेल आधी स्वतःलाच पाठवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून बघा, आईच्या किंवा भावाच्या. तिथे पासवर्ड मागितला, कुलूप दिसलं, पान आडवं आलं, तर एचआरलाही तेच दिसणार आहे. तिथे नीट उघडला की मग कंपनीला पाठवा, ‘सेंट’मध्ये बघा, आणि सोमवारी ऑफिस उघडलं की फोन करा. मेल मिळाला का असं विचारू नका, ‘हो, मिळाला’ म्हणून फोन ठेवतात. “मॅडम, फाइली उघडून बघितल्यात का? आठही उघडल्या ना?” असं विचारा.