वाद दक्षिणेकडे ने

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. पृथ्वी सपाट आहे असं तुझा मित्र म्हणतो, आणि तू त्याला जानेवारी 2021 मधल्या एअर इंडियाच्या विमानाचं उदाहरण दिलंस. चार महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरला आणलं होतं, तेच. त्याने लगेच आपल्या नकाशावर तीच वाट काढून दाखवली आणि तू गप्प झालास. सपाटवाल्यांच्या नकाशात उत्तर ध्रुव मधोमधच असतो, त्यामुळे ध्रुवावरून जाणारी वाट तिथेही सरळच दिसणार. दोन्ही बाजूंना जुळणारी गोष्ट पुरावा म्हणून निरुपयोगी.

वाद दक्षिणेकडे ने. त्या नकाशाची सगळी खोट तिथे आहे. मध्यापासून जितकं बाहेर जावं तितकं पूर्व-पश्चिम अंतर ताणलं जातं. सिडनी आणि चिलीतलं सांतियागो घे. या दोन शहरांमध्ये प्रवासी विमानं थेट जातात. गोलावर हे अंतर 11,300 किलोमीटरच्या आसपास भरतं. पण हा आकडा त्याच्यासमोर टाकू नकोस. तो म्हणेल, पृथ्वी गोल धरूनच काढलाय, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. तू फक्त वेळ विचार. त्याच्याच नकाशावर त्यालाच दोरा लावू दे. प्रमाणही त्यानेच ठरवायचं. विषुववृत्त ते ध्रुव दहा हजार किलोमीटर, हे त्यालाही मान्य असतं. दोरा पंचवीस हजारांच्या पुढे जाईल. मग विचार, ताशी नऊशेच्या वेगाने किती तास लागतील? उत्तर त्याच्या हाताने कागदावर लिहून घे. अठ्ठावीस येईल. त्यानंतरच वेळापत्रक उघड: सिडनीहून जाताना साडेबारा तासांच्या आसपास, परतताना चौदाच्या आसपास.

कागदावर आधी लिहून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. उत्तर दिसल्यावर कुणालाही पळवाट सुचते.

वाऱ्याने ढकललं असेल, असं तो म्हणेल. वारा पश्चिमेकडून वाहतो म्हणून जाताना वेळ कमी लागतो, हे खरंच. पण तोच वारा परतीच्या वाटेवर समोरून येतो, तरी चौदा तासच लागतात. पंचवीस हजार किलोमीटर तेवढ्या वेळात कापायचे तर विमान आवाजाहून वेगाने उडायला हवं.

वेळापत्रकच खोटं आहे म्हणाला, तर आपल्याकडेच बसून करता येण्यासारखं एक काम आहे. अंधार पडल्यावर त्याला राजहंसगडाकडे घेऊन जा. हात ताठ लांब करून मूठ धरली की आकाशातले साधारण दहा अंश झाकले जातात. क्षितिजापासून ध्रुवतारा मोज. बेळगावात दीड मुठीहून थोडा वर भरेल, म्हणजे सोळा अंश. तुझा मावसभाऊ जम्मूला पोस्टिंगवर आहे ना? त्याला तिथून मोजायला सांग. त्याच्या सव्वातीन मुठी भरतील. सपाटवाला म्हणेल, तारा लांब गेला म्हणून खाली दिसतो. हरकत नाही, त्याच्याच हिशेबाने चल. सपाट जमिनीवर जम्मूत तेहतीस अंशांवर दिसणारा तारा बेळगावात सव्वीसच्या आसपास दिसायला हवा. अडीच मुठींच्या वर. तो खरोखर कुठे आहे ते तुम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं असेल. विषुववृत्ताच्या खाली तर तो क्षितिजाआड जातो. सपाट पृथ्वीवर तारा कितीही दूर गेला तरी मावळायचं कारण नाही. पूर्वीच्या खलाशांनी याच ताऱ्याच्या उंचीवरून आपण किती उत्तरेला आहोत ते ओळखलं.

‘पण मला तर सपाटच दिसते’ या वाक्याला चिडू नकोस. भास्कराचार्यांनी 1150 साली याचं उत्तर दिलंय: परिघाचा शंभरावा भाग सपाट वाटतो, पृथ्वी प्रचंड आणि माणूस लहान, म्हणून त्याला ती सपाट दिसते. हे शांतपणे सांग. मित्र मूर्ख नाही. त्याने स्वतः विचार करायला सुरुवात केली आहे, आणि चारचौघांत त्याला खाली पाहायला लावलंस तर तो विचार तिथेच थांबेल. म्हणून ग्रुपवर काही टाकू नकोस. दोघंच बसा.

पावसाळ्यात जाऊ नका, उत्तरेकडचं क्षितिज ढगांनी भरलेलं असतं. दिवाळीनंतर आकाश धुतल्यासारखं असतं, तेव्हा जा. मुठी मोजल्यावर दोघांचे आकडे मला कळव.

तुझे सर