एकटीने मूल सांभाळता येईल?

प्रश्न : ताई, मी ४२ वर्षांची, लग्न नाही केलं, साताऱ्यात एकटीच असते. संस्थेतलं अनाथ मूल सांभाळायला देतील का मला?

उत्तर : अगं देतील की! २०२४ च्या नव्या नियमांनी ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही फॉस्टर केअर, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळणं, खुलं झालंय, बाईला मुलगा-मुलगी दोन्ही चालतं. अर्ज ऑनलाइन करायचा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं घर बघून जातात आणि मग ऑर्डर निघते बाल कल्याण समितीची. मुलं साधारण सहाच्या पुढची असतात, आणि मला तर याचंच जास्त वाटतं, कारण एवढ्या मोठ्यांना दत्तक घ्यायला फारसं कोणी येत नाही गं. सुरुवातीला मूल कदाचित पुन्हा मिळेल की नाही या भीतीने उशीखाली पोळी लपवून ठेवेल, ओरडू नकोस, डब्यात दोन जास्तच ठेव. दोन वर्षं नीट गेली तर दत्तकसाठीपण अर्ज करता येतो.