नेपोलियन हसवत का नाही?

प्रश्न : आम्ही नेपोलियनवर दोन मिनिटांचा विडंबन व्हिडिओ केला. टोपी, कोट सगळं झकास. पण कुणी हसलं नाही. कुठे चुकलं? (व्हिडिओ सोबत पाठवला आहे.)

उत्तर : 'तो बुटका आहे' एवढ्या एकाच विनोदावर तुम्ही दोन मिनिटं काढलीत. तो शिळा तर आहेच, शिवाय चुकीचाही. त्याची उंची जुन्या फ्रेंच मापात ५ फूट २ इंच (तो इंच आजच्यापेक्षा मोठा होता), म्हणजे सुमारे १६८ सेंटिमीटर. त्या काळी सर्वसाधारणच. बुटकेपणा लोकांच्या डोक्यात भरवला तो जेम्स गिलरेसारख्या इंग्रज व्यंगचित्रकारांनी.

विडंबनाला खरा तपशील लागतो. १८०० साली त्याने आल्प्स ओलांडला तो खेचरावर बसून. फ्रेंच चित्रकार झाक-लुई दाविदने काढलेल्या त्या प्रसंगाच्या चित्रात मात्र घोडा, तोही दोन पायांवर उभा! प्रसंग तयारच आहे: चित्रकार पोझ मागतोय, खेचर हलत नाही आणि नेपोलियन कमालीचा गंभीर. नट स्वतःच हसू लागला की संपलं.

लांबी ६० ते ७५ सेकंदांवर आणा. कोण, कुठे हे पहिल्या पाच सेकंदांत कळू द्या. निवेदकाची प्रस्तावना काढाच. पंचलाइननंतर पाऊण सेकंद मोकळा सोडा. तुम्ही तिथे लगेच कट मारलाय, म्हणून हशा दबतो. संवादाच्या वेळी पार्श्वसंगीत निदान १५ डेसिबल खाली ठेवा.

दाविद १८२५ मध्ये वारला, त्यामुळे त्याच्या मूळ चित्रावर कॉपीराइट उरलेला नाही. शेवटी जोडलेली चित्रपटातली क्लिप मात्र काढा. 'विडंबन' असं लिहिल्याने कॉपीराइटचा दावा टळत नाही.