घडलेलं उकरून काढू नका, औषधं कोणाची तुटलीत ते आधी शोधा

निर्वासितांच्या छावणीत स्वयंसेवक म्हणून निघालाय आणि विचारलंय, लोकांना गोल करून बसवून सोसलेलं बोलतं केलं तर मन मोकळं होईल का. नका करू. एका बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, उलट काहींचा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही हे करू नका असंच सांगते. कोणी आपणहून बोललं तर मात्र शांतपणे ऐका.

झोप उडणं, दचकणं, मुलांनी अंथरूण ओलं करणं हे सुरुवातीला पुष्कळांना होतं. निवारा मिळाला, घरच्यांचा पत्ता लागला की बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. त्यावर सरसकट झोपेच्या गोळ्या नकोत.

खरी तातडी असते ती वेगळ्याच लोकांची, आणि ते गर्दीत पुढे येत नाहीत. संघटनेच्या २०१९च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागात साधारण पाचातल्या एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. तीव्र आजार सुमारे पाच टक्क्यांना. यातले कित्येक पळापळीच्या आधीपासून आजारी असतात आणि औषधं मागे राहिलेली असतात. म्हणून तंबूतंबूत फिरताना कुटुंबाला विचारा: घरात कोणाच्या गोळ्या चालू होत्या का? शेवटची कधी घेतली? नाव आठवत नसेल तर रिकामं पाकीट तरी आहे का? फिट्सचं औषध अचानक तुटलं तर एकामागून एक झटके येऊन जीव जाऊ शकतो. रोज पिणाऱ्याची दारू तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भ्रम होतो, नसलेलं दिसू लागतं. लोक म्हणतात धक्क्याने वेड लागलं. तो समुपदेशनाचा नाही, डॉक्टरांकडे न्यायचा रुग्ण आहे, आणि त्याच दिवशी. कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेला, खाणंपिणं सोडलेला माणूसही याच यादीत.

'जगणं नको वाटतं' असं कोणी म्हणालं तर जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, आसपासच्या गोळ्या-कीटकनाशकं हलवा आणि आरोग्य पथकाला बोलवा.

दुभाष्या म्हणून घरचं पोर वापरू नका (सोयीचं असतं, म्हणूनच सर्रास होतं). आणि दुभाष्या ज्यांच्यापासून हे निर्वासित पळाले त्या गटातला तर नाही ना, हे पहिल्याच दिवशी समन्वयकाला विचारून घ्या.