सासूबाईंना पोळी हवी, लेकीला भाकरी

प्रश्न : आम्ही मूळचे सांगोल्याकडचे, आता पिंपरीत राहतो. सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत, त्यांना ताटात पोळीच लागते आणि पाहुण्यांपुढे भाकरी वाढली तर त्यांना फार कमीपणा वाटतो. मुलगी जिमला जायला लागल्यापासून म्हणते गहू नको, ज्वारीच दे. मला तर भाकरी नीट थापताही येत नाही, कडेला चिरतेच. माझी आई म्हणते तुमच्या पिढीनं चांगलं ते सोडून दिलं. खरंच आमचं चुकलं का? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं बोलूया, कारण मला वाटतं सगळ्या घरात त्यांचंच म्हणणं कोणी नीट ऐकलेलं नाही. १९७२ च्या दुष्काळात त्या विशीच्या आसपास असतील. सांगोला, माण, आटपाडी हा सगळा पट्टा तेव्हा दुष्काळी कामांवर खडी फोडत होता, कामावर सुकडी नावाचं कोरडं खाणं मिळायचं आणि रेशनला अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. माझी आत्या सांगायची, त्या मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही पण पोरांसाठी थापावीच लागायची. सासूबाईंच्या लहानपणी गव्हाची पोळी म्हणजे सण, नाहीतर जावई आला तर. ज्या घरात रोज पोळी ते घर खाऊनपिऊन सुखी, असा तो हिशोब होता. त्यामुळे पाहुण्यांपुढे भाकरी म्हणजे ‘आमच्याकडे तेवढंच आहे’ असं सांगण्यासारखं त्यांना वाटतं, त्याला हट्ट म्हणू नका हो, ती आठवण आहे.

आणि तुमच्या पिढीनं भाकरी सोडली हे मला तरी पटत नाही, ज्वारीच हळूहळू ताटापासून लांब गेली. १९६४ साली सीएसएच-१ ही हायब्रीड ज्वारी आली, पुढं हायब्रीडचं पीक भरघोस यायचं पण भाकरीला गावरानची चव नाही, आणि खरिपाची कणसं काढणीच्या वेळी पावसात सापडली की दाणा काळा पडायचा. रब्बीची शाळू चांगली, पण ती हातानं उपटून काढायची, त्याला माणसं मिळेनात, मग शेतकरी ऊस, सोयाबीनकडे वळला तर त्याला कसा दोष द्यायचा? दुसरीकडे रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य १ रुपया किलो लिहिलेलं होतं, गहू २ आणि तांदूळ ३, पण पिशवीत बहुतेक गहू-तांदूळच पडले. आज चांगली मालदांडी ज्वारी घ्यायला गेलात तर गव्हापेक्षा महाग पडते, म्हणजे गरिबाची भाकरी आता परवडणाऱ्याची झाली, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता चिरण्याचं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, सगळी मदार ताज्या पिठावर. महिनाभराचं पीठ दळून ठेवाल तर विरी, म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणा, जाते, मग कितीही मळा, चिरणारच. आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. उकळत्या पाण्यात मीठ टाकून पीठ घाला, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग तळहाताच्या टाचेनं रगडून मळा, एकावेळी एकाच भाकरीचा गोळा घ्या. उकड काढलेल्या पिठाची भाकरी सुरुवातीला लाटलीत तरी चालते, अजिबात लाज वाटून घेऊ नका. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची आणि मग थेट जाळावर.

लेकीला एवढंच सांगा की ज्वारीतही पिष्ट असतंच, भाकरी आहे म्हणून तीन खाऊन वजन कमी होणार नाही, सोबत डाळ, पालेभाजी हवीच. आणि एक दिवस तिलाच आजीकडून थापायला शिकू दे. सासूबाईंना खायचा आग्रह करू नका, फक्त ‘तुम्ही कशी थापायचात’ असं विचारा.

प्रश्न : आमच्या कोकणात आजी रोज नाचणीची भाकरी आणि आंबील करायची. आता घरात नाचणी फक्त बाळाला सत्त्व म्हणून येते. मोठ्यांनी खाल्ली तर चालते ना? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : चालते म्हणजे काय, तुमच्या डोंगरउतारावर राबणारी माणसं तिच्यावरच तर उभी होती! नाचणीत कॅल्शियम भरपूर, गहू-तांदळापेक्षा कितीतरी जास्त. नुसत्या नाचणीची भाकरी मुलांना आवडत नसेल तर निम्मं तांदळाचं पीठ घाला. आंबिलीसाठी पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवा, सकाळी शिजवा, गार झाली की ताक, मीठ, वाटलेला लसूण. एप्रिल-मे मध्ये तर रोज करा.